लुचईचं पोतं

सोमाजी भांडेकर कराटे शिकायला गेला तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती, आणि जाण्यामागचा त्याचा हेतू अगदी साधा होता. आपला तांदूळ आपण खाऊन यायचा.

झालं असं होतं, की चामोर्शीकडच्या त्याच्या गावात त्या उन्हाळ्यात श्रीहरी नावाचा एक तरुण सायकलवर आला. अंगात पांढरा झगा, कमरेला काळा पट्टा. शाळेसमोर त्यानं हातानं छपराचे कवेलू फोडून दाखवले आणि जाहीर केलं, की वैनगंगेपलीकडे, पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलात एक आरागिरणी बंद पडली आहे, तिथं तो कराटेचं शिबिर भरवणार. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, तिथंच शिकायचं. गावोगाव फिरून तो एक गोष्ट शिकला होता, की पैसे मागितले तर लोक उठून जातात आणि धान्य मागितलं तर बसून विचार करतात. म्हणून फी धान्यात.

सोमाजीचा पोरगा खुशाल त्या दिवसापासून गोठ्यातल्या बैलांनाही कमरेत वाकून नमस्कार करू लागला. सोमाजी बाजाराला गेला असताना त्यानं मायची मनधरणी केली आणि लुचईचं एक भरलं पोतं शिबिराकडे जाणाऱ्या बैलबंडीवर चढवून दिलं.

लुचई म्हणजे बारीक, मऊ, शिजायला लागला की शेजाऱ्याला कळणारा तांदूळ. सोमाजी तो खास पाहुण्यांसाठी राखून ठेवी आणि पाहुणे आले की त्यांना जाडा वाढी. त्यामुळं घरी परतल्यावर त्याला ही बातमी कळली तेव्हा तो ओसरीवर बसला तो दिवे लागेपर्यंत उठला नाही.

आणि शिबिराला निघायच्या आदल्या दिवशी खुशालनं सराव म्हणून मांडवाच्या खांबाला लाथ मारली. खांब सागाचा होता. पाऊल फुगून भोपळ्यासारखं झालं.

"आता मांगून आना तांदूळ," बायनाबाई नवऱ्याला म्हणाली.

"देल्लं धान्य वापस मांगू? लोक थुकतीन तोंडावर."

"मंग?"

सोमाजीनं रात्रभर विचार केला आणि सकाळी पिशवीत धोतर, टॉवेल आणि खुशालसाठी चामोर्शीच्या शिंप्याकडून शिवून आणलेला पांढरा झगा भरला. "मांगता येत नाई," तो म्हणाला, "पन खाऊन येता येते." आणि नदीच्या रेतीतून पलीकडे नेणाऱ्या डोंग्याकडे चालू लागला.

आरागिरणीच्या दारात श्रीहरी यादी घेऊन उभा होता.

"नाव?"

"सोमाजी भांडेकर."

"यादीत खुशाल भांडेकर आहे."

"तो माझा पोट्टा. पाय सुजला त्याचा. त्याच्या बदल्यात मी आलो जी."

श्रीहरी जेमतेम पंचविशीचा होता. नागपूरला जे काही शिकला होता त्यात पोराच्या बदल्यात बाप आला तर काय करायचं हे नव्हतं. पण आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही असं सेन्सईनं, म्हणजे कराटेच्या गुरूनं, म्हणायचं नसतं, एवढं तो शिकला होता. त्यानं मैदान आणि गिरणीची शेड यांच्याभोवती आखलेली चुन्याची रेघ दाखवली.

"या रेघेच्या आत तुम्ही खुशाल. रेघेच्या बाहेर काका. चालेल?"

"जेवन रेघेच्या आत की बाहीर?"

"बाहेर."

"चालते," सोमाजी म्हणाला.

झगा पोराच्या मापाचा होता. तो सोमाजीच्या पोटावर येऊन थांबला आणि पुढं जायला तयार होईना. पायजमा तर मांडीवरच अडला. शेवटी वर कराट्याचा झगा, खाली धोतर, आणि मध्ये पांढऱ्या पट्ट्याची गाठ, असा सोमाजी रांगेत उभा राहिला. शेजारी मुखरू होता, नागभीडच्या रेल्वे गँगमनचा पोरगा, अंगानं काडी आणि तोंडानं आगगाडी.

"काका, मोजनी जपानीत असते," मुखरू कुजबुजला. "आयकत राहा."

"इची!" श्रीहरी ओरडला.

सोमाजी पुढच्या शब्दांची वाट पाहू लागला. त्यांच्या गावात 'इची' म्हटलं की त्याच्यामागं मायबहीण यायचीच. पण काही आलं नाही. पोरांनी फक्त एक ठोसा मारला.

"नी! सान! शी!"

"शी काऊन म्हंते?" सोमाजीनं विचारलं.

"चार झाले."

"चारात येवढं घान काय हाये?"

पहिला दिवस असा गेला. दुपारी शकुबाईनं जेवायला हाक मारली. शकुबाई शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीतली, शिबिराचा स्वयंपाक तिच्याकडे. पत्रावळीवर भात पडला आणि सोमाजीचा घास हातातच राहिला. जाडा होता. वर लाखोळीचं वरण.

"बाई, लुचईचं पोतं आलं होतं इथी. तोंड लाल काठानं शिवलेलं."

शकुबाईनं पळीनं वर दाखवलं.

शेडच्या मधल्या आढ्याला जाड दोरखंडानं एक पोतं टांगलं होतं. त्याच्या तोंडाशी बायनाबाईच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ सोमाजीनं तिथूनच ओळखला. आणि त्याच वेळी ब्रह्मपुरीकडचा एक दांडगा पोरगा धावत आला आणि त्या पोत्याच्या पोटात त्यानं लाथ घातली.

सोमाजी पत्रावळ सोडून श्रीहरीकडे धावला.

चूक श्रीहरीची नव्हती. आधी त्यानं रेतीचं पोतं टांगलं होतं, पण पोरांच्या हातांची कातडी सोलून निघाली आणि दोघं तर घरीच जायला निघाले. मग त्यानं जाडा तांदूळ टांगून पाहिला, तोही टोचला. लुचई मात्र मऊ. शिवाय आरागिरणीत उंदीर मांजराएवढे, आणि टांगलेलं पोतं त्यांच्यापासून सुरक्षित. एका पोत्यात दोन कामं होत होती.

"काढून देऊ ना काका," रेघेच्या बाहेर येऊन तो म्हणाला. "बाकीची पोती संपली की तेच काढायचं आहे."

"बाकीचे कितीक हायेत?"

श्रीहरीनं भिंतीकडे हात केला. भिंतीला लागून पोत्यांची ओळ होती.

त्या दिवसापासून सोमाजी जेवू लागला. तसा तो आधीही जेवत असे, पण आता तो कामाला बसल्यासारखा जेवू लागला. ती पोती लवकर रिकामी झाली पाहिजेत आणि एकट्याच्यानं ते होणारं नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून तो पंगतीत फिरे. "घे रे बापा, आनखी घे. कसरतीत घोड्यावानी बसाचं हाये ना? रिकाम्या पोटानं घोडा बसते का?" पोरं लाजत, मग घेत. मुखरूला त्यानं चौथ्यांदा भात घ्यायला लावला तेव्हा मुखरूला उभं राहून घास गिळावा लागला. शकुबाईची तर कंबर मोडायला आली. "ह्या बुढ्याले कोनती खोड लागली मायबाई," ती म्हणे, आणि पुन्हा भाताचा गंज चुलीवर ठेवी.

पोरं वजनदार झाली. श्रीहरीला वाटलं, शिबिराचा गुण येतो आहे, म्हणून त्यानं कसरत वाढवली. कसरतीनं भूक वाढली. भुकेनं पोती उतरू लागली. सोमाजी मनातल्या मनात खूश झाला.

दिवस आरीच्या तुटक्या पात्यावर दगड मारल्याच्या आवाजानं सुरू होई. सगळे लाकडाच्या भुशावर झोपत, त्यामुळं उठताना प्रत्येकाच्या केसांत, कानांत, मिशीत भुसा असे. मग नाल्यापर्यंत पळणं. मग 'घोडा'. पाय फाकवून, गुडघे वाकवून, मुठी कमरेशी घेऊन तसंच बसायचं, खाली काही नसताना. तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या बाया त्याच वाटेनं जात. पहिल्या दिवशी त्या थांबल्याच. एवढी धडधाकट माणसं पहाटे पहाटे रानात अशी बसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"भाऊ, काही हरपलं का जी?" एकीनं सोमाजीलाच विचारलं. वयानं मोठा तोच दिसत होता.

सोमाजीनं टॉवेल तोंडावर ओढला. न जाणो, एखादी सोयऱ्यातली निघायची.

"हरपलं नाई बाई," मुखरू म्हणाला. "आमी शिकून राह्यलो."

"बसाचं शिकून राह्यले?"

बाया हसत हसत पुढं गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम लवकर आल्या आणि त्यांच्यासोबत आणखी चारजणी होत्या.

पण खरी अडचण पोत्याशी होती. रोज संध्याकाळी एकेकानं पुढं जाऊन पोत्यावर ठोसे मारायचे. सोमाजीची पाळी आली की तो पोत्यापाशी जाई, त्याला हात लावी, हात कपाळाला लावी आणि परत येई.

"खुशाल! मार!" श्रीहरी रेघेच्या आतून ओरडे.

"अन्न हाये सेन्सई."

"ते आता साधन आहे."

"शिजवलं तं भात होते की नाई? मंग अन्नच हाये."

श्रीहरीनं रांगेतल्या पुढच्या पोराला हाक मारली. पोरांना मात्र सोमाजीचं म्हणणं आत कुठंतरी लागलं. सगळी धानाच्या बांधीत वाढलेली. पाय लागला तर दाणा उचलून डोक्याला लावणारी. दुसऱ्या दिवशी मुखरूनं ठोसा मारण्याआधी पोत्याला नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी तीन जणांनी केला. आठवडा सरेतो सगळं शिबिर आधी पोत्याच्या पाया पडे आणि मग त्याला लाथा घाली. श्रीहरीनं थोडा वेळ पाहिलं आणि मग तो नियमच करून टाकला, कारण जे होतंच आहे त्याचा नियम केलेला बरा.

सोमाजी मात्र नमस्कारावरच थांबला. बाकी सगळं तो करी. पळे, घोडा बसे, हवेत ठोसे मारी, 'शी' म्हणताना तोंड वाकडं करी. आणि एक गोष्ट अशी झाली जी त्यानं कुणाला सांगितली नाही. त्याला ते आवडायला लागलं. बाप गेल्यापासून त्याला कुणी उठवलं नव्हतं. तोच सगळ्यांना उठवी. इथं कुणीतरी दगड मारून उठवत होतं, कुणी वाढत होतं, कुणी चूक सांगत होतं. बैलांचं पाणी, बांधाचा वाद, पोराचं काय होणार, यातलं काहीच त्या रेघेच्या आत येत नव्हतं. आत तो खुशाल होता, आणि खुशालला काही कामधंदा नव्हता. खुशाल असणं इतकं सोपं असतं हे पाहून सोमाजीला पोराचा थोडा हेवाच वाटला.

एक लाथ होती. गर्रकन वळून मागच्या पायानं मारायची. ती त्याला जमत नव्हती. वळेपर्यंत ठीक, पण पाय उचलला की धोतर आड येई. दुपारी सगळे पडले की तो शेडच्या मागं जाऊन ती करून पाही.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. नागपूरहून श्रीहरीचे गुरू, मोठे सेन्सई गुलाबराव, जीपमधून उतरले. देह असा भरलेला, की जीप आधी वर उचलली गेली आणि मग ते खाली आले. सकाळपासून भिंतीशी एकही पोतं उरलेलं नव्हतं. सोमाजीनं शकुबाईला खूण करून ठेवली होती, की परीक्षा आटोपली की लुचई उतरवायची.

मोठ्या सेन्सईंनी पोरांच्या नमस्काराचं कौतुक केलं. मग म्हणाले, "आता बघा. पोत्याला लाथ कशी मारायची." ते वळले, हुंकारले, आणि त्यांचा पाय पोत्यात बसला.

रोज लाथा खाऊन गोणपाट आधीच विरलं होतं. पोतं मधोमध फाटलं आणि तांदूळ असा खाली आला, जणू भिंतच ढासळली. सेन्सईंच्या पायाखाली, आजूबाजूला, मागंपुढं, पोरांच्या रांगांमध्ये, सगळीकडे तांदूळ.

"पाय ठेवू नोका!" सोमाजी किंचाळला.

आणि कुणीच ठेवला नाही. त्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण सगळे जिथं होते तिथं थिजले. मोठ्या सेन्सईंचा उजवा पाय अजून हवेतच होता. तो खाली आणावा तर खाली तांदूळ. त्यांनी उभ्या जन्मात ताटात दाणा टाकला नव्हता आणि आता एवढ्या पोरांसमोर अन्नावर पाय कसा देणार? ते एका पायावर उभे राहिले. चेहरा लाल झाला.

"श्रीहरी," ते दात आवळून म्हणाले, "धर."

श्रीहरीला जवळ जाता येईना, कारण मध्ये तांदूळ. मुखरूनं शेवटी आडवी फळी टाकली, तिच्यावरून श्रीहरी गेला आणि त्यानं गुरूंना बगलेतून आधार दिला. सोमाजी ओणवा होऊन सरकत सरकत पुढं आला आणि सेन्सईंच्या हवेतल्या पायाखालची जागा हातानं साफ करू लागला. मूठ मूठ टॉवेलात भरत होता.

"लवकर करा हो," सेन्सई कण्हले.

"दाना राह्यला तं पाय पडन जी. थांबा थोडंसक."

जागा झाली. पाय टेकला. मग सोमाजीनं सगळ्यांना खाली बसवलं आणि पोरं, श्रीहरी, शकुबाई, जीपचा ड्रायव्हर, सगळे मिळून तांदूळ गोळा करू लागले. आणि तेव्हा सोमाजीला दिसलं. त्यानं मूठ उघडून उजेडात धरली. एकही दाणा साबूत नव्हता. इतक्या दिवसांच्या मारानं सगळी कणी झाली होती, काही तर पीठच.

तो तसाच मांडी घालून बसला. श्रीहरी त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसला. रेघेच्या आत होते, तरी तो म्हणाला, "काका, चुकलं माझं."

"तुले काय मालूम बापा," सोमाजी म्हणाला. "तू कराटेवाला."

शकुबाईनं कणी सुपात घेऊन फुंकली. "कन्या होतात भाऊ चांगल्या. टोल्यावरून ताक आनते. सोडू नोका धीर."

कण्या शिजायला लागल्या तसा वास सुटला. लुचईचा वास मार खाऊनही तसाच होता. त्या वासानं पोरं आपोआप पंगतीत बसली. मोठे सेन्सईही बसले. ताक आलं, मीठ आलं, हिरवी मिरची आली. सोमाजीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. इतकी वर्षं तो ही लुचई पेरत होता, कापत होता, आणि राखून ठेवत होता. पोटभर तिला खाल्ल्याचं त्याला एकदाही आठवेना.

मोठे सेन्सई मागून घेऊन जेवले आणि भुशावर आडवे झाले ते उन्हं कलल्यावर उठले. मिशीत भुसा तसाच. त्यांना पोंभुर्ण्याहून पुढं जायचं होतं, म्हणून त्यांनी उभ्या उभ्याच निकाल सांगितला. सगळे पास. फक्त खुशाल भांडेकर नापास.

"त्यानं पोत्याला एकदाही मारलं नाही, असं श्रीहरी सांगतो. कराटेत मारावं लागतं."

सोमाजी हसायला गेला. आपण कुठं पट्ट्यासाठी आलो होतो? तांदूळ खायला आलो, तो खाल्ला, विषय संपला. पण हसू काही फुटेना. इतक्या पोरांत आपणच एकटे नापास.

"मले एक लात येते," तो म्हणाला. "गर्रकन फिरून."

"दाखवा."

सगळी पोरं मागं सरली. सोमाजीनं धोतराचा काष्टा आवळला, नमस्कार केला, वळला आणि मागचा पाय उचलला. पाय उंच गेला. इतका उंच त्याचा पाय लग्नात घोड्यावर चढतानाही गेला नव्हता. मग दुसराही पाय वर गेला, आणि सोमाजी पाठीवर आदळला. मैदानभर धूळ उडाली.

मुखरू आधी हसला. मग सगळे. आणि पडल्या पडल्या सोमाजीही हसायला लागला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"नापास," मोठे सेन्सई म्हणाले. पण जीपमध्ये चढताना त्यांनी त्याला कमरेत वाकून नमस्कार केला.

सोमाजी घरी पोचला तेव्हा खुशाल काठी टेकत अंगणात आला.

"पट्टा?"

"नाई मिडाला. नापास झाला तू."

"मी?"

"तुयाच नावावर होतो ना मी."

खुशालचं तोंड उतरलं. "बाबा, गावात काय सांगू मी? न जाताच नापास झालो?"

याआधी सोमाजीनं पोराच्या अशा तोंडावर दोन शब्द जास्तच सुनावले असते. या वेळी तो ओसरीच्या पायरीवर बसला, बूड हळूच टेकवत, कारण ते अजून दुखत होतं. "माफ कर बापा," तो म्हणाला. "एक लात राह्यली. वरतं जाते, खालतं येता येत नाई."

बापानं माफी मागणं खुशालच्या कानाला सवयीचं नव्हतं.

"दाखवा बरं," तो म्हणाला. "नजर कुठी ठेवता तुमी?"

सोमाजी उठला. खुशालनं काठी भिंतीला टेकवली आणि लंगडत येऊन मागून बापाची कंबर धरली. "आता फिरा. हळू. खाली नोका पाहू." सोमाजी फिरला, पाय वर गेला, आणि दोघंही बापलेक बैलांच्या कडब्यावर कोसळले.

बायनाबाई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"झालं असन तं उठा," ती म्हणाली. "बैल पान्यावर जाचे हायेत अजून."